चवदार तळं ते सरकारी पोर्टल : सार्वजनिक पैशावर पहारा कोणाचा?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. जरीपटक्याच्या मागच्या बाजूला एका वस्तीत आमचा रविवारचा अभ्यासवर्ग चालतो. वस्तीच्या समाजभवनात बसतो, कारण दुसरी जागा नाही. त्या दिवशी छत गळत होतं. पोरांनी सतरंज्या गुंडाळल्या, बायांनी कोपऱ्यात दोन बादल्या ठेवल्या आणि वर्ग सुरू राहिला. तेवढ्यात बी.ए.ला असलेल्या एका मुलानं मोबाईल पुढे केला. "ताई, हे पहा. आपल्या भवनाच्या दुरुस्तीचं काम पूर्ण झालं म्हणून लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. कामाचं नाव, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम आणि शेवटच्या रकान्यात 'पूर्ण'. खाली फोटो. फोटोत भवनाचं फाटक, नवा रंग दिलेलं. फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश.

बादलीजवळ बसलेल्या आजी म्हणाल्या, "पैसा आला म्हन्ते मोबाईलवर, अन् पानी तं डोक्यावर पडून रायलं. मंग थो पैसा गेला कुठी, बाप्पा?"

फोटो खरा होता. ठिकाण खरं होतं, तारीखही खरी होती. फक्त छताचं काम झालेलं नव्हतं, आणि छताचा फोटो कोणी मागितलाच नव्हता.

गेली दहा-बारा वर्षं आपल्याला सांगितलं जातंय की आता सगळं ऑनलाइन आहे, भ्रष्टाचाराला जागा उरली नाही, विश्वास ठेवा. आपली शिकलेली पोरंही हे बोलू लागली आहेत. म्हणून हा लेख. माझं म्हणणं असं की आजींचा प्रश्न मोबाईलच्या जन्माआधीचा आहे. सार्वजनिक पैसा कोणाचा, तो कोणावर खर्च होतो आणि त्याचा हिशेब मागायचा अधिकार कोणाला, या प्रश्नावर आपली चळवळ दीडशे वर्षं लढते आहे. तो इतिहास नीट वाचला तर पोर्टलवर किती विश्वास ठेवायचा हेही कळतं.

फुले : एक आणा आणि एक मत

१८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आण्याचा स्थानिक कर बसला. लोकांच्या तोंडी तो 'लोकल फंड'. रस्ते आणि शाळा यांसाठी हा पैसा होता. भरणारा होता शेतकरी, म्हणजे शूद्रातिशूद्र. शाळांचा फायदा कोणाला झाला? १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी हाच हिशेब मांडला. महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या जातींच्या पदरात पडतो, असा त्यांचा सरळ आरोप होता. 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही त्यांनी या फंडाची झाडाझडती घेतली आहे.

फुले नुसते लिहून थांबले नाहीत. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होता. त्याच्या स्वागतावर नगरपालिकेनं हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. सभागृहात विरोधी मत पडलं फक्त एक, जोतीराव फुल्यांचं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

या प्रसंगात चोरी कुठेच नव्हती. प्रस्ताव रीतसर, मतदान रीतसर, हिशेब वहीत. आजच्या भाषेत बोलायचं तर सगळं पारदर्शक होतं. तरीही तो खर्च अन्यायाचा होता आणि ते म्हणायला सभागृहात एक माणूस असावा लागला. हिशेब स्वच्छ असणं आणि खर्च न्यायाचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा आपल्याला मिळालेला पहिला धडा.

महाड : ठराव कागदावर, पाणी तळ्यात

महाडचा सत्याग्रह आपण पाण्याचा आणि माणुसकीचा लढा म्हणून सांगतो. ते बरोबरच आहे. पण त्याच्या मुळाशी असलेला ठराव पुन्हा वाचा. ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात जो ठराव मंजूर करून घेतला, त्याचा आधारच सार्वजनिक पैसा होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा राखलेली, आणि सरकारनं नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. पैसा सगळ्यांचा, तर पाणवठाही सगळ्यांचा.

पुढच्या महिन्यात सरकारनं अंमलबजावणीचे आदेश काढले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर काम 'पूर्ण' झालं. प्रत्यक्षात तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचं पाणी घेता आलं नाही. सरकारच्या दप्तरात महाडचं तळं खुलं होतं आणि महाडच्या रस्त्यावर ते बंद होतं. आमच्या समाजभवनाचं छत आणि ते तळं यांत मला फार फरक दिसत नाही.

ही फसवणूक बोल्यांच्याही लक्षात आली होती. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव मांडला : जी नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान थांबवा. पंधराव्या वित्त आयोगाचीही अनुदानासाठी अट होती. काय अट? स्थानिक संस्थेनं आपले हिशेब ऑनलाइन टाकले पाहिजेत. अट चांगलीच होती. पण दोन अटी शेजारी ठेवून पहा. बोल्यांची अट विचारत होती की माणसाला पाणी मिळालं का. वित्त आयोगाची अट विचारत होती की फाईल अपलोड झाली का.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. या कृतीकडे मी एक तपासणी म्हणूनही पाहते. कागदावरचा ठराव खरा की खोटा, हे ज्यांच्यासाठी तो केला होता त्यांनी स्वतः जाऊन तपासलं. तपासताच सत्य बाहेर आलं. लोकांवर हल्ला झाला, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. पुढे कोर्टात दहा वर्षं गेली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला.

तीन वर्षं कोणाची झोप न उडवणारा ठराव तपासणी होताच रद्द करावा लागला, याचा अर्थ समजून घ्या. जोवर कोणी तपासत नाही तोवर कागदावरची समता कोणालाच अडचणीची नसते.

बाबासाहेब आणि हिशेबनीस

बाबासाहेबांनी अर्थशास्त्रात पदव्या घेतल्या हे आपण अभिमानानं सांगतो. त्या पदव्यांचा विषय काय होता? ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था, ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेचा विकास, रुपयाचा प्रश्न. यातल्या पहिल्या दोन विषयांत प्रश्न सरकारी तिजोरीचा आहे. पैसा कोण गोळा करतो, कोण खर्च करतो आणि खर्च करणारा कोणाला जबाबदार असतो, यावर त्यांनी तरुणपणीच वर्षं घालवली होती.

म्हणून ३० मे १९४९ ला संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या कलमावर ते जे बोलले ते सहज बोललेलं नव्हतं. हा कदाचित घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असं त्यांनी सांगितलं. संसदेनं मंजूर केलेल्या पैशापलीकडे किंवा त्या हेतूबाहेर खर्च होत नाही ना, हे त्यानं पाहायचं आहे आणि ते काम न्यायव्यवस्थेच्या कामापेक्षाही महत्त्वाचं आहे, असं त्यांचं मत होतं. मसुद्यात त्याला न्यायव्यवस्थेइतकंही स्वातंत्र्य मिळालेलं नाही, याबद्दल त्यांनी नाराजीही बोलून दाखवली.

घटनेच्या शिल्पकारानं 'सरकारवर विश्वास ठेवा' असं कुठे म्हटलं? उलट सरकारवर विश्वास ठेवावा लागू नये अशी रचना त्यांनी केली. पैसा मंजूर करणारा वेगळा, खर्च करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तपासणारा खर्च करणाऱ्याच्या हाताखाली नको. ही एक फूटपट्टी खिशात ठेवा, पुढच्या प्रत्येक ठिकाणी ती लावायची आहे.

स्थानिक पातळीबद्दल तर बाबासाहेब जास्तच सावध होते. १९३२ च्या ग्रामपंचायत विधेयकाला त्यांनी विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावगाड्याचं गौरवीकरण त्यांनी मोडून काढलं. स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक जातसत्ता, हे त्यांनी भोगलेलं होतं. सत्ता खाली आली की लोकशाही आपोआप खाली येत नाही.

नागपूर : फाईलीपासून पडद्यापर्यंत

आता आपल्या गावाकडे या. नागपूर महापालिकेच्या इतिहासात क्रीडा साहित्य घोटाळा प्रसिद्ध आहे. नगरसेवकांच्या निधीतून खेळाचं साहित्य घेतल्याची बिलं निघाली, साहित्याचा पत्ता नव्हता. नंदलाल समितीनं २००० सालाच्या आसपास ते बाहेर काढलं आणि नगरसेवक मोठ्या संख्येनं अडचणीत आले. तो काळ फाईलींचा, शिक्क्यांचा. तेव्हा म्हटलं गेलं की संगणक आला की हे थांबेल.

संगणक आला, ई-निविदा आल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच महापालिकेत स्टेशनरी घोटाळा उघड झाला. साहित्य न पुरवताच सुमारे ६७ लाखांची बिलं काढली गेल्याचं ते प्रकरण. वीस वर्षांत काय बदललं? आधी बॅट-बॉल आले नाहीत, नंतर कागद आणि पेन आले नाहीत. बिल मात्र दोन्ही वेळा पास झालं. साहित्य खरंच गोदामात आलं का, हे पाहायला गोदामात माणूस जावा लागतो. ते काम पडदा करत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट पुढची आहे आणि तिला घोटाळा असं नावही मिळालेलं नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. मधली जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक होते. कायद्यानुसार महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल स्थायी समितीला देतो. स्थायी समिती नसेल तर तिचे अधिकार कोणाकडे? प्रशासकाकडे. म्हणजे खर्च मंजूर करणारा तोच, खर्च करणारा तोच आणि खर्चावरच्या आक्षेपांचा अहवाल वाचणाराही तोच. यात कोणा अधिकाऱ्यावर आरोप करायचा नाही. रचनेबद्दल बोलायचं आहे. बाबासाहेबांची फूटपट्टी लावा. या काळात संकेतस्थळ चालू होतं, ई-निविदा चालू होत्या, ॲप चालू होतं. बंद होता तो फक्त प्रश्न विचारणारा सभागृहाचा दरवाजा.

कॅमेरा कोणाकडे वळलेला आहे?

डिजिटल देखरेखीची दुसरी बाजू आपल्या घरांपर्यंत येते. २९ ऑक्टोबर १९४२ ला बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. १९४४ पासून सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचं मूळ त्या प्रयत्नात आहे. आपल्यातले किती डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक त्या शिष्यवृत्तीवर उभे राहिले, ते सांगायला नको.

सत्तर वर्षांनी त्याच शिष्यवृत्तीत गडचिरोलीसह विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांत घोटाळा उघड झाला. संस्थाचालकांनी बनावट विद्यार्थी दाखवून रकमा उचलल्या. २०१६ मध्ये डॉ. के. व्यंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमावं लागलं. मग २०१७ मध्ये महाडीबीटी पोर्टल आलं. पहिल्याच वर्षी ते इतकं अडखळलं की ऑफलाइन अर्जांची मुभा द्यावी लागली. चोरी केली संस्थाचालकांनी. आधार जोडणी, उत्पन्नाचा दाखला, ओटीपी आणि 'त्रुटी'चा शेरा यांच्या रांगेत उभा राहिला विद्यार्थी. जरीपटक्यातल्या प्रत्येक ऑनलाइन सेवा केंद्रासमोर जूनपासून ही रांग दिसते.

हेच मजुराचं. रोजगार हमी ही महाराष्ट्रानं देशाला दिलेली देणगी, कायदा १९७७ चा. त्याच कल्पनेवर उभ्या राहिलेल्या मनरेगात मे २०२१ मध्ये हजेरीचं ॲप आलं आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांवर सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, ठिकाणासह. नेटवर्क नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रक काढून मान्य केलं की ॲपवर भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढून टाकला जातो. उपाय काय सांगितला? माणसांनी ते फोटो पुन्हा तपासावेत. चार वर्षं फिरून गाडी माणसावरच आली, मधल्या काळात बुडालेली मजुरी कोणी परत केली नाही.

आणखी एक उदाहरण. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष्मान भारत योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाला जोडलेले होते, तो क्रमांक दहा वेळा नऊ. एवढी मोठी गडबड ती यंत्रणा स्वतः पकडू शकली नाही. पकडली कोणी? बाबासाहेबांनी घटनेत बसवलेल्या त्या 'सर्वांत महत्त्वाच्या' पदानं.

मजुराचा चेहरा दिवसातून दोनदा तपासला जातो. कंत्राटदारानं टाकलेल्या सिमेंटचा फोटो दिवसातून दोनदा कोणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. घेणाऱ्यावर संशय आणि खर्च करणाऱ्यावर विश्वास, ही वाटणी तंत्रज्ञानानं केलेली नाही. ती आपल्या समाजात आधीपासून होती, ॲप बनवताना तीच आत गेली.

दिसलं, पण थांबलं नाही

कोणी म्हणेल, निदान आता दिसतं तरी. हो, दिसतं. मे २०२५ मध्ये दिसलं की लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये वळवले गेले. स्वतः सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, गरज नसेल तर खातंच बंद करा असं म्हणाले. म्हणजे आदेश निघाला, रकमा कळल्या, बातम्या आल्या, मंत्रीही बोलले. आणि पैसा? गेला तो गेला. १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखण्याचं धोरण आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकानं २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. महाराष्ट्रात, फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात, तसा कायदा नसल्यानं निधी वळवणं एका आदेशाचं काम राहतं. दिसण्यात ताकद तेव्हाच येते जेव्हा थांबवण्याचा कायदेशीर अधिकार सोबत असतो.

याउलट दीक्षाभूमी आठवा. सुमारे २०० कोटींचा विकास आराखडा. मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, सगळे टप्पे पार पडले होते. भूमिगत पार्किंगसाठी खड्डा खोदला गेला तेव्हा स्तूपाच्या सुरक्षेच्या काळजीनं लोक अस्वस्थ झाले. ज्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या आजी-आजोबांनी धम्म स्वीकारला, तिच्याबद्दलचा निर्णय त्यांच्या नातवंडांना खड्डा पाहून कळला. १ जुलै २०२४ ला लोक रस्त्यावर आले, तोडफोड झाली, जाळपोळ झाली आणि त्याच दिवशी सरकारनं पार्किंगला स्थगिती जाहीर केली. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही, पोरांवर गुन्हे दाखल झाले की घरं कशी हलतात हे मी पाहते. पण प्रश्न उरतोच. आराखडा आधी वस्त्यांत वाचून दाखवला असता, विचारलं असतं, तर ही वेळ आली असती का? लोकांना विचारायचा टप्पा कार्यपद्धतीत नसेल तर लोक तो टप्पा रस्त्यावर तयार करतात.

मग कागदाकडे परत जायचं का?

मुळीच नाही. हा आक्षेप मी प्रामाणिकपणे घेते, कारण माझ्याच वर्गातली पोरं तो घेतात. शिष्यवृत्ती रोखीनं हातात देताना कारकून काय बोलायचा, रेशन दुकानदार कार्ड फेकून कसा द्यायचा, हे आपल्या आईवडिलांना विचारा. खात्यात थेट पैसा आला आणि तो अपमान बराच कमी झाला, हे खरं आहे. बँकेचा मेसेज आडनाव पाहून आवाज बदलत नाही. आमच्या त्या मुलाला घरबसल्या मोबाईलवर कामाची रक्कम कळली, तीही पोर्टलमुळेच. पूर्वी त्यासाठी कोणाच्या तरी टेबलासमोर हात जोडावे लागले असते.

तेव्हा तंत्रज्ञान आपलं वैरी नाही. भक्ती आपली वैरी आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला तो माणसांबद्दल होता. आज तो यंत्रालाही लागू आहे. भगवान बुद्धानं कालामांना सांगितलं, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. त्या यादीत 'पोर्टलवर आहे म्हणून' हे आपण घालायला हवं. आपण वंदनेत धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो, या आणि पहा. सार्वजनिक खर्चालाही तीच कसोटी लावा.

राजस्थानातल्या कष्टकऱ्यांनी हे करून दाखवलं आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ मध्ये जनसुनवाई सुरू केली. सरकारी हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचायची आणि लोकांनी खरं-खोटं सांगायचं. त्यातून माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली, २००५ चा कायदा आला. तिथे २०१९ मध्ये जनसूचना पोर्टलही आलं, पण आधी लोक बोलायला शिकले होते. आपल्याकडे क्रम उलटा झाला.

आपण काय करायचं?

एक. पोर्टलवरची नोंद ही सुरुवात समजा. तिथून कामाचं नाव आणि रक्कम घ्या आणि माहिती अधिकारात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक आणि पूर्णत्वाचा दाखला मागा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही अधिकार आहे. तो फार थोडे लोक वापरतात.

दोन. महापालिका कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवर नागरिकांची सभा. आपल्या वस्तीत ती कोणी भरलेली पाहिली आहे का? आता महापालिकेत नगरसेवक आले आहेत. त्यांच्याकडे पहिली मागणी क्षेत्रसभेची करा. वस्तीसाठी झालेल्या खर्चाचं वाचन तिथेच झालं पाहिजे.

तीन. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी वळवण्याला बंदी करणारा कायदा महाराष्ट्रात झालाच पाहिजे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर जेवढा जोर लावतो त्याच्या निम्मा तरी इथे लावू.

चार. माहिती अधिकाराचं रक्षण करा. वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आता 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं झालं आहे. लाभार्थ्यांच्या याद्याच मिळाल्या नाहीत तर बनावट लाभार्थी शोधायचा कसा?

शेवटी त्या समाजभवनाबद्दल. आम्ही अर्ज केला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, पहिलं अपील केलं, मग मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मिळाल्या. पुढच्या रविवारी अभ्यासवर्गात आम्ही त्याच वाचल्या. मुलगा एकेक बाब वाचायचा, मी सोप्या शब्दांत सांगायची. छताच्या गळतीरोधक थराची बाब आली, इतके चौरस मीटर. तेव्हा दोन बाया शिडी लावून वर चढल्या, खालून एकानं टेप धरला. वर जुनी फुटलेली फरशी होती, बाकी काही नाही. मोजायला काहीच नव्हतं, म्हणून तेच लिहून काढलं आणि एकेचाळीस जणांच्या सह्या-अंगठ्यांसह अर्ज दिला. तीन आठवड्यांनी माणसं आली, अर्ध्या छतावर काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी पत्रव्यवहार चालू आहे. पोर्टलवर ते काम आजही 'पूर्ण' आहे.

आजींनी सहीच्या जागी अंगठा दिला होता. अंगठ्याची शाई पुसता पुसता म्हणाल्या, "आता कसं, आपन मोजलं ना." १९२७ मध्ये तळ्यावर गेलेल्या माणसांनीही हेच केलं होतं. विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न त्यांनी काठावर बसून सोडवला नाही. ते पाण्यात उतरले.

जय भीम!